लाल भोपळ्याच्या मऊ, मसाल्याच्या कुकीज घरी कशा कराव्यात

लाल भोपळ्याच्या शिजवलेल्या गरात सुमारे ९० टक्के पाणी असते, आणि भोपळ्याच्या कुकीज बिघडतात त्या बहुतेक वेळा या पाण्यामुळेच. ओलसर गर जसाच्या तसा घातला की पीठ सैल होते, ते सावरण्यासाठी आणखी मैदा घातला जातो, मसाल्याची चव त्या मैद्यात हरवते आणि शेवटी ओव्हनमधून बाहेर येतो तो कुकीच्या आकाराचा छोटा केक: वर फुगलेला, आतून जाळीदार आणि चवीला पुळचट. काही जणांना तशाही कुकीज आवडतात. मात्र कडेला किंचित चिवट, मध्यभागी लुसलुशीत आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारी कुकी हवी असेल, तर गरातले पाणी आधी काढून टाकणे हे या पाककृतीतले खरे काम आहे. बाकीच्या कृती सोप्या आहेत.

साहित्य (मध्यम आकाराच्या साधारण १६ कुकीजसाठी)

मैदा २०० ग्रॅम
बिनमिठाचे बटर ११५ ग्रॅम
ब्राउन शुगर १०० ग्रॅम आणि पांढरी साखर ५० ग्रॅम
भोपळ्याचा आटवलेला गर १०० ग्रॅम (आटवण्यापूर्वी साधारण २०० ग्रॅम)
एका अंड्याचा फक्त पिवळा बलक
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा
मीठ पाव छोट्या चमच्याहून किंचित जास्त
दालचिनी पूड दीड छोटा चमचा, सुंठ पूड पाऊण छोटा चमचा, किसलेले जायफळ पाव छोटा चमचा, लवंगेची पूड मोठी चिमूटभर
वरून लावण्यासाठी साखर ३ मोठे चमचे आणि दालचिनी पूड १ छोटा चमचा

येथे छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा, दोन्ही सपाट भरलेले. मैदा, बटर आणि साखर मात्र वजनानेच घ्यावी. कपाने मैदा मोजताना तो हलक्या हाताने भरला की दाबून भरला यावर एका कपामागे २५ ते ३० ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि एवढा फरक मऊ कुकी कोरडी करायला पुरेसा असतो. घरात लहान वजनकाटा नसेल, तर मैदा आधी चमच्याने मोकळा करावा, कपात अलगद भरावा आणि वरचा भाग सुरीच्या पाठीने सपाट करून घ्यावा.

गर शिजवणे आणि आटवणे

भोपळा निवडताना तो आकाराच्या मानाने जड, घट्ट सालीचा आणि आतून गडद केशरी रंगाचा असावा. फिकट, धागेदार आणि पाणचट गराच्या भोपळ्यातून रंगही येत नाही आणि गोडवाही. बिया व साल धरून ५०० ते ६०० ग्रॅमचा तुकडा या प्रमाणासाठी पुरतो आणि थोडा गर उरतोही.

भोपळा पाण्यात उकडण्यापेक्षा ओव्हनमध्ये भाजावा. बिया आणि धागे काढून टाकलेला तुकडा कापलेली बाजू खाली येईल असा ट्रेवर ठेवून २०० अंश सेल्सिअसवर ४० ते ४५ मिनिटे भाजला की सुरी सहज आरपार जाते, साल सुटते आणि कडांना हलका तपकिरी रंग येतो. या भाजण्यात काही पाणी उडून जाते आणि गराची गोडी वाढते. कुकरमध्ये शिजवायचा असेल तर भोपळ्याला पाण्याचा स्पर्श होणार नाही अशा बेताने, फक्त वाफेवर शिजवावा आणि नंतर फोडी चाळणीत काढून निथळत ठेवाव्यात. डबाबंद गर वापरायचा असल्यास डब्यावरील घटकांची यादी वाचून घ्यावी, कारण ‘पंपकिन पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थासाठी तयार केलेल्या मिश्रणात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो आणि ते येथे चालत नाही.

शिजलेला गर मिक्सरमधून अगदी गुळगुळीत वाटून घ्यावा. वाटताना पाणी घालू नये. गर पात्याला लागत नसेल तर मिक्सर थांबवून, चमच्याने खाली ढकलून पुन्हा फिरवावा. त्यातला २०० ग्रॅम गर पसरट, जाड बुडाच्या कढईत किंवा पॅनमध्ये मध्यम आचेवर ठेवून सतत ढवळत राहावे. पहिली काही मिनिटे गर थुलथुलीत दिसतो आणि त्याचे शिंतोडे उडतात, म्हणून लांब दांड्याचे उलथणे घ्यावे. हळूहळू वाफ कमी होते, रंग गडद होतो आणि गर एकत्र गोळा होऊ लागतो. उलथण्याने पॅनच्या तळाशी एक रेघ ओढून पाहावी: रेघेच्या दोन्ही कडांतून पाणी झिरपत असेल तर आणखी आटवायला हवे, रेघ कोरडी राहून क्षणभर तळ दिसत राहिला तर गर तयार झाला. सामान्यतः याला १० ते १५ मिनिटे लागतात. भाजलेल्या भोपळ्याचा गर लवकर आटतो, उकडलेल्याचा उशिरा, त्यामुळे घड्याळापेक्षा वजनावर भरवसा ठेवावा. २०० ग्रॅमचे साधारण १०० ग्रॅम झाले की गॅस बंद करावा.

हा गर ताटलीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. येथे घाई करू नये, कारण बटर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि कोमट गरसुद्धा ते पातळ करून टाकतो. ही पायरी आदल्या दिवशी उरकून गर फ्रिजमध्ये ठेवला तर सर्वांत सोयीचे. फ्रिजमधला गर वापरण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवावा.

मसाल्याविषयी

या कुकीजचा मसाला चार वस्तूंचा आहे आणि त्यात दालचिनी मुख्य. सुंठ मागून हलका तिखटपणा देते, जायफळ गोडसर सुवास देते आणि लवंग सगळ्यांना एकत्र बांधते. लवंगेच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. तिच्यातल्या युजेनॉल या घटकाने जीभ किंचित बधिर होते, आणि लवंग वाढली की दालचिनी असूनही जाणवत नाही. जायफळ शक्यतो त्याच वेळी किसून घ्यावे. पूड करून ठेवलेल्या जायफळाचा वास काही आठवड्यांतच मंदावतो. डब्यातली दालचिनी पूड बोटांत चोळून नाकाशी धरली असता वास चटकन आला नाही, तर प्रमाण वाढवण्यापेक्षा नवी पूड घेणे चांगले, कारण जुन्या पुडीने कुकीला फक्त कडवटपणा येतो.

या मसाल्यांतले सुवासिक घटक स्निग्ध पदार्थात चांगले विरघळतात. म्हणून मसाला मैद्यात चाळून घालण्याऐवजी बटर आणि साखरेबरोबरच फेटावा. एवढ्याशा बदलाने चवीत स्पष्ट फरक पडतो.

पीठ तयार करणे

बटर फ्रिजमधून काढून मऊ होऊ द्यावे, पण वितळू देऊ नये. बोटाने दाबले असता खळगा पडावा आणि बोटाला तेलकटपणा लागू नये, अशी त्याची अवस्था असावी. तापमानाच्या भाषेत सांगायचे तर १८ ते २० अंश सेल्सिअस. एका मोठ्या भांड्यात बटर, दोन्ही साखरा, चारही मसाले आणि मीठ घेऊन एकजीव होईपर्यंत फेटावे. इलेक्ट्रिक बीटरने यासाठी मिनिटभर पुरते, हाताने दोन-तीन मिनिटे लागतात. केक करताना बटर आणि साखर पांढरे, हलके होईपर्यंत फेटण्याची सवय असते. ती येथे बाजूला ठेवावी. जास्त फेटल्याने मिश्रणात हवा शिरते, त्या हवेने कुकी फुगते आणि पुन्हा तोच छोटा केक हाती येतो.

ब्राउन शुगर केवळ रंगासाठी घातलेली नाही. तिच्यातला मळीचा अंश हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे कुकी मऊ राहते, आणि तो किंचित आम्लधर्मी असल्याने सोड्यालाही काम करायला मदत होते. ब्राउन शुगर नसेल तर सगळी साखर पांढरी घेऊन त्यात एक मोठा चमचा मध घालता येतो. कुकी मऊ राहते, फक्त चवीतली खोली कमी होते.

आता बलक आणि व्हॅनिला घालून मिश्रण पुन्हा एकजीव करावे. पूर्ण अंडे न घेता फक्त बलक घेण्याचे कारणही पाणीच आहे: अंड्याचा पांढरा भाग जवळजवळ पाण्याचाच असतो आणि भाजताना तो कुकीला फुगवतो व कोरडी करतो, तर बलकातले लेसिथिन चरबी आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवते. अंडे वर्ज्य असल्यास बलक सरळ वगळावा आणि मैदा १० ग्रॅमने कमी करावा. भोपळ्याचा गर स्वतःच पीठ बांधून धरतो. अशी कुकी थोडी अधिक ठिसूळ होते, पण चवीत उणीव जाणवत नाही.

गार झालेला गर तीन वेळा विभागून घालावा आणि प्रत्येक वेळी नीट मिसळावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मिश्रण फुटल्यासारखे, बारीक कण दिसणारे होते. त्याने घाबरून जाऊ नये. बटरमध्ये मावेल त्याहून जास्त पाणी आल्याने असे दिसते आणि मैदा पडताच ते सावरते.

मैदा, सोडा आणि बेकिंग पावडर एकत्र करून दोनदा चाळावेत. सोड्याची एखादी गुठळी राहिली तर तेवढ्याच जागी कुकीला साबणासारखी चव येते, आणि ती चव कोणत्याही मसाल्याने झाकत नाही. सोड्याचे प्रमाणही अंदाजाने वाढवू नये. हे कोरडे मिश्रण ओल्या मिश्रणात एकदम घालून बीटर बाजूला ठेवावा आणि उलथण्याने तळापासून वर असे हलक्या हाताने मिसळावे. मैद्याची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबावे, कारण पाणी आणि घुसळण मिळाली की मैद्यातले ग्लुटेन घट्ट होत जाते आणि कुकी रबरासारखी लागते. चॉकलेटचे तुकडे किंवा भाजलेल्या अक्रोडाचे काप घालायचे असतील तर याच वेळी, सगळे मिळून ८० ग्रॅमच्या आत घालावेत.

तयार पीठ मऊ आणि चिकट असते, हाताने लाटता येईल असे नसते. भांड्यावर झाकण ठेवून ते ४५ मिनिटे ते एक तास फ्रिजमध्ये ठेवावे. या वेळात बटर पुन्हा घट्ट होते, मैदा उरलेले पाणी शोषून घेतो आणि मसाला मुरतो. रात्रभर ठेवले तर चव आणखी खुलते, फक्त भाजण्याआधी पीठ १०-१५ मिनिटे बाहेर काढून ठेवावे लागते.

आकार देणे आणि भाजणे

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर किमान १५ मिनिटे आधी तापत ठेवावा. पंखा चालणाऱ्या ओव्हनमध्ये तापमान १६० अंश ठेवावे. ट्रेवर बेकिंग पेपर घालावा. तूप किंवा बटर लावलेल्या ट्रेवर कुकीज तळाशी लवकर करपतात आणि जास्त पसरतात. ट्रे फिकट रंगाचा असलेला बरा, काळा ट्रे उष्णता अधिक शोषतो.

साधारण ३५ ग्रॅमचा, म्हणजे दोन मोठे चमचे भरून, गोळा घ्यावा. हाताला पीठ चिकटत असेल तर तळवे किंचित ओले करावेत. गोळा साखर-दालचिनीच्या मिश्रणात घोळवून ट्रेवर ठेवावा आणि वाटीच्या सपाट बुडाने दीड सेंटिमीटर जाडीपर्यंत दाबावा. भोपळ्यामुळे या कुकीज ओव्हनमध्ये फारशा पसरत नाहीत. दाबल्या नाहीत तर त्या घुमटासारख्याच राहतात आणि मध्यभागी कच्च्या उरतात. दोन गोळ्यांत पाच सेंटिमीटर अंतर पुरेसे आहे.

सगळा ट्रे भरण्याआधी एकच कुकी भाजून पाहण्याचा सल्ला मी आवर्जून देईन. ओव्हन, मैदा आणि भोपळा या तिघांचाही स्वभाव घरोघरी वेगळा असतो, आणि एका कुकीत सगळे कळते. ती पातळ पसरली तर पीठ आणखी अर्धा तास गार करावे, आणि तरीही पसरत असेल तर एक मोठा चमचा मैदा घालावा. अजिबात हलली नाही, तर पुढचे गोळे जास्त चपटे करावेत. चव सपक वाटली तर बहुधा मीठ कमी पडलेले असते. ते उरलेल्या पिठात बारीक करून मिसळता येते.

ट्रे मधल्या कप्प्यात ठेवून ११ ते १३ मिनिटे भाजावे. एका वेळी एकच ट्रे ठेवावा. कुकी भाजली की नाही हे रंगावरून ओळखणे या कुकीजच्या बाबतीत फसवे ठरते, कारण गर, ब्राउन शुगर आणि दालचिनी यांच्यामुळे कच्चे पीठच तांबूस दिसते. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. कडा घट्ट दिसायला हव्यात आणि बोटाने हळूच ढकलले असता कुकी कागदावर सरकायला हवी. मध्यभागाची ओली चकाकी जाऊन तो भाग निस्तेज व्हायला हवा, मात्र दाबला तर तो अजून मऊच लागतो. आणि एखादी कुकी उलथण्याने किंचित उचलून पाहिल्यास तळाला हलका तपकिरी रंग आलेला असायला हवा. मध्यभाग टणक होईपर्यंत भाजत राहिल्यास ट्रेवरच्या पुढच्या काही मिनिटांत कुकी कोरडी पडते, कारण ओव्हनमधून काढल्यावरही तापलेला ट्रे तिला भाजतच असतो.

म्हणून ट्रे बाहेर काढून कुकीज ८ ते १० मिनिटे त्याच्यावरच राहू द्याव्यात. लगेच उचलल्यास त्या मधोमध मोडतात. त्यानंतर जाळीवर काढून पूर्ण गार कराव्यात. गरमागरम कुकी खायला मोह होतो, पण ती तेव्हा थोडी ओलसर आणि मसाल्याला उग्र लागते; तासाभराने पोत बसतो आणि मसाले एकमेकांत मिसळतात. माझ्या मते दुसऱ्या दिवशीची कुकी पहिल्या दिवसापेक्षा सरस असते.

वर क्रीम चीजचे आयसिंग घालण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ते हवेच असेल तर मऊ केलेले क्रीम चीज १०० ग्रॅम, बटर ३० ग्रॅम आणि पिठीसाखर ७० ग्रॅम एकत्र फेटून, पूर्ण गार झालेल्या कुकीवर पातळ थर लावावा. अशा वेळी गोळे साखरेत घोळवू नयेत, नाहीतर गोडाचा अतिरेक होतो. आयसिंग लावलेल्या कुकीज फ्रिजमध्येच ठेवाव्या लागतात. साखर-दालचिनीचे खरखरीत आवरण मला अधिक योग्य वाटते, कारण मऊ कुकीला तेवढाच काय तो दाताला विरोध मिळतो.

बिघडले तर कारण कुठे शोधावे

कुकी केकसारखी फुगली, तर गर पुरेसा आटलेला नव्हता किंवा बटर जास्त फेटले गेले. ती कोरडी आणि भुगा होणारी झाली, तर मैदा जास्त पडला किंवा दोन-तीन मिनिटे अधिक भाजली गेली. तळ करपून वरचा भाग कच्चा राहिला, तर ट्रे खालच्या कप्प्यात होता किंवा ओव्हन दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतो. ओव्हनमध्ये ठेवायचा लहान तापमापक वापरल्यास हा संशय फिटतो. पीठ फ्रिजमधून काढल्यावरही पातळ वाटले, तर गर किंवा बटर गरम होते, आणि त्यावर अधिक वेळ गार करणे हाच उपाय आहे, मैदा ओतत राहणे नव्हे. कुकी अजिबात फुगली नाही आणि घट्ट झाली, तर बेकिंग पावडर जुनी असण्याची शक्यता आहे. अर्धा छोटा चमचा पावडर गरम पाण्यात टाकल्यावर लगेच जोरात फेस आला पाहिजे. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये करावी.

साठवण

भोपळ्याच्या ओलाव्यामुळे या कुकीज दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर किंचित चिकट होतात आणि एकमेकींना धरतात. त्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत, थरांमध्ये बेकिंग पेपर घालावा आणि तळाशी टिपकागद ठेवावा. घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर त्या दोन ते तीन दिवस, हवा दमट असेल तर त्याहूनही कमी टिकतात. फ्रिजमध्ये आठवडाभर चांगल्या राहतात. ओलाव्यामुळे इतर कोरड्या कुकीजच्या मानाने यांना बुरशी लवकर लागते, हे लक्षात ठेवावे. कुरकुरीत बिस्किटांबरोबर एकाच डब्यात ठेवल्यास बिस्किटे मऊ पडतात.

भाजलेल्या कुकीज फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने ठेवता येतात, पण त्यापेक्षा कच्चे गोळे गोठवणे मला सोयीचे वाटते. चपटे केलेले गोळे, साखरेत न घोळवता, ट्रेवर सुटे ठेवून दोन तास गोठवावेत आणि टणक झाल्यावर पिशवीत भरून हवा काढून टाकावी. भाजायच्या वेळी ते न वितळवता थेट ट्रेवर ठेवावेत, वरच्या बाजूला पाण्याचे बोट फिरवून साखर-दालचिनी भुरभुरावी आणि नेहमीपेक्षा दोन मिनिटे जास्त भाजावेत. उरलेला आटवलेला गरही अशाच रीतीने १०० ग्रॅमच्या पुड्या करून गोठवून ठेवावा. तो वितळल्यावर त्याला थोडे पाणी सुटते, तेवढे मात्र ओतून टाकून किंवा टिपून घेऊन मगच तो वापरावा.